होडीतले सत्तेचाळीस दिवस

 कॅप्टन विल्यम ब्लाय यांचा जन्म १७५४ साली झाला. ते इंग्लंडच्या आरमारात होते. तरुणपणी ते कॅप्टन कुक यांच्याबरोबर सफरीला गेले होते.

१७८७ साली ते बाउंटी जहाज घेऊन निघाले. ताहिती बेटावरून नीरफणसाची रोपे वेस्ट इंडीजला न्यायची होती. तिथल्या मळ्यांत गुलाम राबत. मळेवाल्यांना त्यांच्यासाठी स्वस्त खाणे पाहिजे होते. नीरफणस म्हणजे ज्याचे काप आई तव्यावर भाजते तोच.

ताहितीला पाच महिने गेले. खलाशांना बेट फार आवडले. ब्लाय मात्र तापट होते. चारचौघांत वाट्टेल तसे बोलायचे. परतीच्या वाटेवर नारळ कमी भरले, तर त्यांनी चोरीचा आळ घेतला. दुसऱ्याच दिवशी, २८ एप्रिल १७८९ रोजी, फ्लेचर क्रिश्चन याने बंड केले. ब्लाय यांचे हात बांधले आणि १८ माणसांबरोबर त्यांना होडीत उतरवले. रोपे समुद्रात फेकली.

होडी २३ फूट लांब होती. आम्ही आमचा वर्ग मोजला, तो २० फूट भरला. एवढ्याशा जागेत १९ माणसे! टोफुआ बेटावर लोकांनी दगड मारले, त्यात एकजण मेला. मग ते कुठल्या बेटावर वस्तीला जायला घाबरले. नकाशा नव्हता. पाऊस पडे, होडीत पाणी शिरे, ते रात्रंदिवस उपसायचे.

ब्लाय यांनी दोन करवंट्यांचा तराजू केला. पिस्तुलाच्या गोळीच्या वजनाइतका पाव प्रत्येकाला मिळे. पक्षी सापडला तर त्याचे वाटे करत. एकजण पाठ फिरवून उभा राही आणि कुठला वाटा कोणाचा ते न बघता सांगे. कॅप्टनला जास्त वाटा नव्हता. 

१४ जून १७८९ रोजी ते तिमोर बेटावर पोचले. ४७ दिवसांत सुमारे ६७०० किलोमीटर! टोफुआनंतर होडीत एकही माणूस दगावला नाही.

पुढे १७९३ साली त्यांनी वेस्ट इंडीजला रोपे पोचवलीच. नंतर ऑस्ट्रेलियात ते गव्हर्नर झाले. तिथेही १८०८ साली सैनिकांनी त्यांच्याविरुद्ध बंड केले. १८१७ साली लंडनला ते वारले.

मला वाटतं, ब्लाय शूर होते, पण त्यांची जीभ फार कडू होती. जहाजावर पोटभर खायला होते तेव्हा माणसे त्यांच्यावर उलटली. होडीत घासभर पाव होता, पण तो सगळ्यांना सारखा होता, म्हणून माणसे जगली. पुढाऱ्याने असे सारखे वाटावे आणि गोडही बोलावे.

— इयत्ता चौथी