परदेशी राहून मायदेशाचा ध्यास : पंडिता रमाबाई

बारामतीहून रेल्वेने पुण्यास निघाले की दौंडनंतर वाटेत केडगाव स्थानक लागते. इंदापूर, भिगवणकडून महामार्गाने येणाऱ्यांनाही चौफुल्याजवळ याच गावाकडे जाणारा फाटा दिसतो. तेथील मुक्ती मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांनी आपल्या आयुष्यातील जवळजवळ सहा वर्षे परदेशात काढली. आज आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांतून मुलेमुली शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी गेलेली आहेत. म्हणूनच रमाबाईंच्या चरित्रातील या कालखंडाची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावी, असे आम्हास वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीस व मुलींस संस्कृत शिकविले. तीर्थयात्रा करीत फिरणाऱ्या या कुटुंबावर दुष्काळाने घाला घातला आणि आईवडील अल्पावधीतच निवर्तले. पुढे बंधू श्रीनिवास यांच्यासह रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. १८८० मध्ये बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु १८८२ च्या प्रारंभीच त्यांना वैधव्य आले. कडेवर लहानगी मनोरमा होती. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. भारतीय स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हे त्यांनी त्या साक्षीत ठामपणे मांडले.

वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने रमाबाई २० एप्रिल १८८३ रोजी मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींनी त्यांना आश्रय दिला. परंतु कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे डॉक्टर होण्याचा मार्ग बंद झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने स्नानसंस्कार स्वीकारला. ही वार्ता महाराष्ट्रात पोहोचताच मोठी खळबळ उडाली. ज्यांनी काल गौरव केला, त्यांतील कित्येकांनी आज पाठ फिरविली. हे सारे त्यांना हजारो मैल दूर राहून, पत्रांतून व वृत्तपत्रांतून समजत होते. त्या काळी टपाल आगबोटीने येई. एका पत्राचे उत्तर मिळण्यास आठवडेच्या आठवडे लागत.

पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकू लागल्या व संस्कृतही शिकवू लागल्या. त्यांनी मुलग्यांनाही शिकवावे असा विचार पुढे आला, तेव्हा काही बिशपांनी विरोध केला. भारतात याविषयी गैरसमज होईल, असे त्यांचे म्हणणे होते. रमाबाईंनी ते मानले नाही. पुरुषांच्या भरसभेत व्याख्याने दिलेल्या स्त्रीला आपल्या देशातील लोकमत कोणी परक्याने समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. श्रद्धा स्वीकारली म्हणून आपला विवेक दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचा नसतो, ही त्यांची भूमिका होती. आश्रयदात्या भगिनींविषयी कृतज्ञता आणि स्वतःच्या मतांविषयी निष्ठा यांची ओढाताण त्यांनी मुकाट्याने नव्हे, तर पत्रांतून परखडपणे चर्चा करीत सोसली.

१८८६ मध्ये आप्त असलेल्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या. ११ मार्च रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. परंतु मायदेशी परतल्यावर फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. बालपणी लावून दिलेल्या पतीकडे नांदावयास जावे, अन्यथा तुरुंगवास भोगावा, असा निर्णय मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने दिला. अमेरिकेत राहूनही रमाबाई या घडामोडींवर लक्ष ठेवून होत्या. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी या खटल्याची हकीकत अमेरिकन वाचकांपुढे ठेवली.

मायदेशीच्या बातम्यांनी नुसते हळहळत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी अमेरिकेत गावोगावी व्याख्याने दिली, बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आणि बालविधवांच्या शाळेसाठी साहाय्य मिळविले. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले व दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. त्याच वेळी अमेरिकेतील लोकजीवनाचा वृत्तान्त मराठीत लिहून त्यांनी आपल्या माणसांसाठी आणला. त्यांचे हे पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले.

फेब्रुवारी १८८९ मध्ये त्या मुंबईस परतल्या आणि ११ मार्च रोजी शारदा सदन उघडले. गोदूबाई नावाची तरुण विधवा तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी होती. पुढे ती महर्षी धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुलींना आणून आधार दिला आणि केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभे राहिले. अखेरच्या वर्षांत त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर पूर्ण केले. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

रमाबाई कॅथलिक नव्हत्या. तथापि अन्य ख्रिस्ती बंधुभगिनींच्या जीवनातील ख्रिस्ताच्या कृपेची फळे आनंदाने ओळखावीत, अशी शिकवण द्वितीय व्हॅटिकन महासभेने १९६४ मध्ये दिली आहे. त्या शिकवणुकीस अनुसरून आम्ही या थोर स्त्रीचे स्मरण करतो.

ज्यांची मुले दूरदेशी आहेत, त्या मातापित्यांनी त्यांना गावाकडील सुखदुःखे मोकळेपणाने कळवावीत. परदेशी असलेल्यांनीही त्या बातम्या केवळ ऐकून न सोडता, आपल्या गावासाठी काय करता येईल याचा विचार करावा. सप्टेंबरच्या अखेरच्या रविवारी ख्रिस्तसभा स्थलांतरितांसाठी प्रार्थना करते, तेव्हा आपण या सर्वांना नावानिशी प्रभूचरणी ठेवू या.