प्रवाळातली घंटा

वैमानिक होऊ पाहणाऱ्या झाक-ईव्ह कूस्तो या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याचे हात १९३६ साली मोटार अपघातात मोडले आणि विमानविद्येचे स्वप्न संपले. हातांना पुन्हा बळ यावे म्हणून ते तूलाँजवळच्या समुद्रात पोहू लागले. जलरोधक चष्म्यातून त्यांनी पाण्याखाली पाहिले आणि त्या दृश्याने त्यांना कायमचे बांधून घेतले. १९४३ मध्ये अभियंता एमिल गान्यां यांच्यासह त्यांनी श्वासागणिक हवा पुरवणारे ‘ॲक्वालंग’ सिद्ध केले. वरून येणाऱ्या हवेच्या नळीचे दावे सुटले.

पुढे ‘कॅलिप्सो’ नौकेवरून तांबड्या समुद्रात फिरताना त्यांच्या चमूला ‘थिसलगॉर्म’ हे मालवाहू ब्रिटिश जहाज सापडले. १९४१ च्या ऑक्टोबरात जर्मन बॉम्बहल्ल्यात ते बुडाले, नऊ जण गेले. सुमारे ३० मीटर खोल, पोटात मोटारसायकली व लष्करी मालमोटारी तशाच, आणि पोलादावर प्रवाळांचे थर! घंटा खरवडली, तेव्हा जहाजाचे नाव उमटले. १९५६ च्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटात हे दृश्य आहे. कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार त्याला लाभला.

त्याच चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळभित्तीवर केलेला स्फोटही दिसतो. तो झाकण्यात अर्थ नाही. मात्र १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याच्या बेताविरुद्ध हेच कूस्तो उभे राहिले आणि १९९७ मध्ये पॅरिसला निधन होईपर्यंत सागररक्षणासाठी झटले.

‘थिसलगॉर्म’वर आता पर्यटक झुंडीने उतरतात, पाठीवर ॲक्वालंगच्याच वंशातली साधने बांधून. त्यांच्या नौकांच्या दोरांनी जहाजाचे कठडे तुटले आहेत.