विल्यम मॉरिस : रंगाच्या पिंपापासून समाजचिंतनापर्यंत

विल्यम मॉरिस (१८३४-१८९६) हे नाव तुम्ही इंग्रजी कवी म्हणून, किंवा भिंतीवरील कागदांच्या वेलबुट्टीमुळे ऐकले असेल. येथे आपल्याला त्यांच्याकडे संशोधक म्हणून पाहावयाचे आहे. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे रंगाचे पिंप.

लंडनजवळील सधन कुटुंबात जन्मलेल्या मॉरिस यांनी १८६१ मध्ये मित्रांसह गृहसजावटीची पेढी काढली. बाजारात तेव्हा रासायनिक रंगांची चलती होती. ते भडक असत आणि लवकर विटत. नक्षी काढून ती कारखानदाराकडे सोपवावी, ही रूढ रीत मॉरिस यांनी मोडली. १८७५ पासून लीक या गावी थॉमस वॉर्डल यांच्या रंगशाळेत त्यांनी स्वतः काम केले, जुने वनस्पतिग्रंथ चाळले. निळीत बुडून त्यांचे हात निळे होत. कापड प्रथम पूर्ण निळे रंगवायचे, नक्षीपुरता रंग उडवायचा आणि मोकळ्या जागी तांबडा, पिवळा छापायचा, ही जिकिरीची पद्धत त्यांनी मर्टन ॲबी येथे साध्य केली. १८८३ चे ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे कापड तिचेच फळ होय.

त्याच वर्षी ते समाजवादी चळवळीत उतरले. या दोन घटना सुट्या मानू नका. कापड कुरूप का होते, याचा शोध घेता घेता ते कारागिरापर्यंत पोहोचले होते: कामातील आनंद त्याच्याकडून कोणी हिरावला? उत्तर अभिरुचीत नव्हते, नफ्यासाठी राबविलेल्या श्रमात होते. इंग्रजी राजवटीत भारतीय हस्तकला लयाला जात असल्याबद्दलही त्यांनी १८७९ च्या बर्मिंगहॅम येथील व्याख्यानात खंत व्यक्त केली होती.

पण एक पेच उरतोच. सावकाश, हाताने घडविलेली वस्तू महाग पडे आणि धनिकांच्याच घरी जाई. हे त्यांना सलत असे. शिवाय कुटुंबाची संपत्ती डेव्हनमधील ज्या खाणीतून आली, तेथे पुढे सोमलाचे मोठे उत्पादन होई. मॉरिस १८७१ ते १८७५ या काळात तिचे संचालक होते. त्यांच्या आरंभीच्या कागदांतील हिरव्या रंगातही सोमल होता आणि त्याच्या धोक्याविषयी डॉक्टर जे सांगत, ते मॉरिस यांनी मानले नाही. परिश्रमी संशोधकाची नजरही आपल्या दारापाशी अशी अडखळते.

‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ (१८९०) मध्ये त्यांनी पैशाविना चालणारा समाज कल्पिला. पुढच्याच वर्षी केल्मस्कॉट मुद्रणालय उभारले. तेथे छापलेला चॉसरच्या साहित्याचा देखणा ग्रंथ १८९६ मध्ये, त्यांच्या मृत्यूपूर्वी काही महिने, हाती आला. त्याच्या साध्या कागदी प्रतीची किंमत २० पौंड होती.