वीर यशवंत घाडगे

विद्यार्थी मित्रांनो, दरवर्षी ७ डिसेंबरला आपल्या शाळेत एक छोटासा कागदी झेंडा येतो. त्यावर लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन रंग असतात. लाल रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा आणि फिकट निळा हवाई दलाचा. तुम्ही खाऊच्या पैशांतून काही रुपये डब्यात टाकता आणि तो झेंडा खिशावर लावता. हा सशस्त्र सेना ध्वजदिन होय. १९४९ सालापासून आपल्या देशात तो पाळला जातो. या दिवशी जमा झालेला पैसा अपंग सैनिकांसाठी आणि शहीद जवानांच्या कुटुंबांसाठी खर्च होतो.

तुम्ही वाशिम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मानोरा किंवा मंगरूळपीर येथे २६ जानेवारीचा झेंडावंदनाचा कार्यक्रम पाहिला असेल. एखाद्या वर्षी तेथे पहिल्या रांगेत साध्या लुगड्यातील एखादी वृद्ध बाई बसलेली असते. तिचे नाव पुकारले जाते. ती हळूहळू पुढे येते. साहेब तिला शाल आणि श्रीफळ देतात. सगळे टाळ्या वाजवतात. ती वीरमाता किंवा वीरपत्नी असते. तिच्या घरचा माणूस सीमेवर गेला आणि परत आला नाही. त्याच्या वतीने ती तो मान घेते.

आज मी तुम्हांला अशाच एका घराची हकिकत सांगणार आहे. ही हकिकत जुनी आहे. त्या वेळी आपला देश स्वतंत्र झालेला नव्हता.

रायगड जिल्ह्यात माणगाव नावाचा तालुका आहे. या जिल्ह्याला पूर्वी कुलाबा जिल्हा म्हणत. माणगाव तालुक्यातील पळसगाव या लहानशा खेड्यात १६ नोव्हेंबर १९२१ रोजी यशवंत घाडगे यांचा जन्म झाला. कोकणचा हा भाग डोंगराळ आहे. पाऊस भरपूर, पण शेती थोडी. आपल्या वऱ्हाडात काळी जमीन आहे. कापूस, तूर, ज्वारी पिकते. कोकणात भाताची लहान लहान खाचरे असतात. तेवढ्यावर मोठ्या कुटुंबाचे पोट भरत नसे. म्हणून घरातला एक मुलगा मुंबईला गिरणीत जाई आणि दुसरा पलटणीत भरती होई. कोकणात आणि घाटावर अशी कितीतरी घरे होती.

यशवंतरावही पलटणीत भरती झाले. त्यांची पलटण होती पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. या रेजिमेंटचा इतिहास १७६८ सालापासून सुरू होतो. तिचे केंद्र बेळगाव येथे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात या पलटणींत मराठ्यांच्या बरोबर दख्खनी मुसलमान शिपाईही होते. ते एकाच मोर्चावर लढले. मित्रांनो, शिपाई, हवालदार, सुभेदार, फौज, मोर्चा, बहादूर हे शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहेत. मराठीतही हेच शब्द आहेत. सैनिकाच्या बोलीने या दोन भाषा फार पूर्वीच जवळ आणल्या आहेत.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. जर्मनीचा हुकूमशहा हिटलर आणि इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी यांनी युरोपात हाहाकार माजवला होता. या युद्धात भारतातून सुमारे २५ लाख माणसे सैन्यात गेली. ते सगळे स्वखुशीने भरती झालेले होते. ते आफ्रिकेच्या वाळवंटात लढले, ब्रह्मदेशाच्या जंगलात लढले आणि इटलीच्या डोंगरांत लढले. इटलीत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक होते. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन तेथे होत्या. यशवंतरावांची तिसरी बटालियन दहाव्या डिव्हिजनमध्ये होती. तोवर ते नाईक झाले होते. नाईक म्हणजे एका लहान तुकडीचा प्रमुख.

४ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या सैन्याने रोम शहर घेतले. जर्मन सैन्य उत्तरेकडे मागे हटू लागले, पण ते सहजासहजी हटत नव्हते. प्रत्येक टेकडीवर मशीनगन लावून ते वाट अडवत होते. रोम शहरातून टायबर नावाची नदी वाहते. तिच्या वरच्या खोऱ्यात डोंगरच डोंगर आहेत. उन्हाळ्याचे दिवस होते. आपले सैनिक एकेक टेकडी जिंकत पुढे चालले होते.

१० जुलै १९४४ चा दिवस उजाडला. नाईक यशवंत घाडगे आपली तुकडी घेऊन पुढे सरकत होते. अचानक अगदी जवळून मशीनगनचा भडिमार सुरू झाला. काही क्षणांतच तुकडीतील सगळे जवान पडले. काही जागीच ठार झाले, काही जखमी झाले. उभे राहिले ते एकटे यशवंतराव.

अशा वेळी माणूस काय करील? आडोसा शोधील, मागे सरकेल. तसे केले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण मशीनगन चालूच राहिली असती, आणि जमिनीवर पडलेल्या जखमी साथीदारांवर तिच्या गोळ्या पडतच राहिल्या असत्या. यशवंतराव क्षणभरही थांबले नाहीत. ते सरळ मशीनगनच्या दिशेने धावले. धावता धावता त्यांनी एक हातबॉम्ब फेकला. मशीनगन बंद पडली आणि ती चालवणारा मारला गेला. दुसऱ्या एका शत्रूला त्यांनी गोळी घातली. अजून दोन शत्रू शिल्लक होते. बंदुकीत नवीन गोळ्या भरायला वेळ नव्हता. यशवंतरावांनी बंदूक उलटी धरली आणि दस्त्याने त्या दोघांवर वार केले. तेही पडले. मोर्चा मोकळा झाला.

पण लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी नेम धरून गोळ्या झाडल्या. यशवंतराव त्याच ठिकाणी कोसळले आणि शहीद झाले. त्या वेळी त्यांचे वय फक्त २२ वर्षे होते. मित्रांनो, तुमच्या मोठ्या भावाचे वय तेवढेच असेल.

त्यांच्या या बहादुरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक जाहीर झाले. ब्रिटिश राज्यात शौर्यासाठी याहून मोठे पदक नव्हते. १९४५ साली दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते हे पदक देण्यात आले. ते घेण्यासाठी यशवंतरावांच्या तरुण पत्नी लक्ष्मीबाई आल्या होत्या.

तो प्रसंग तुम्ही डोळ्यांसमोर आणा. कुठे पळसगाव आणि कुठे दिल्ली! मोठमोठे अधिकारी, चकचकीत गणवेश, बँड, सलामी. त्या सगळ्यांत कोकणातल्या खेड्यातील एक तरुण विधवा उभी आहे. तिच्या हातात एक पदक ठेवले जाते. ज्याच्या छातीवर ते शोभले असते, तो माणूस हजारो मैल दूर परक्या मातीत राहिला आहे. त्या पदकाचा अभिमान खरा होता आणि ते दुःखही खरे होते. वीरांच्या घरात या दोन गोष्टी नेहमी एकत्र राहतात.

आपल्या घरातले कोणी वारले तर आपण कबरीवर जातो, फातिहा पढतो, फुले वाहतो. मनाला थोडे समाधान मिळते. यशवंतरावांच्या घरच्यांना तेही मिळाले नाही. त्यांची समाधी कोठेही नाही. इटलीत कॅसिनो येथे एक मोठे स्मारक आहे. ज्यांच्या अंत्यस्थानाचा पत्ता नाही, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्याच्या दगडांवर कोरलेली आहेत. त्यांत नाईक यशवंत घाडगे हे नाव आहे.

आता तुमच्यापैकी कोणी विचारील, सर, हे तर इंग्रजांच्या फौजेत होते. मग आपण त्यांची आठवण का ठेवायची? प्रश्न चांगला आहे आणि तो विचारलाच पाहिजे. १९४२ साली महात्मा गांधींनी इंग्रजांना भारत सोडून जाण्यास सांगितले होते. हजारो देशभक्त तुरुंगात होते. मौलाना अबुल कलाम आझाद आणि पंडित नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. नेताजी सुभाषचंद्र बोस यांची आझाद हिंद सेना इंग्रजांविरुद्ध लढत होती. देशासाठी त्यांनी जो त्याग केला, तो आपण कधीही विसरणार नाही.

पण त्याच काळात खेड्यापाड्यांतील लाखो गरीब मुले सैन्यात होती. झेंडा परक्याचा होता, पण माणसे आपली होती. ज्या शत्रूशी ती लढली, तो शत्रू साऱ्या माणुसकीचा शत्रू होता. इटलीच्या लढाईत ५,७८२ भारतीय सैनिकांनी प्राण दिले. यशवंतराव बादशहासाठी धावले की समोर पडलेल्या साथीदारांसाठी, याचा विचार तुम्हीच करा. मला वाटते, त्या क्षणी कोणालाही बादशहा आठवत नाही.

इटलीच्या लढाईत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यांपैकी ६ भारतीय सेनेच्या सैनिकांना मिळाले. त्यांतील दोन नावे तुम्ही जरूर लक्षात ठेवा. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव आणि सरहद्द प्रांतातील अली हैदर. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नावाच्या एकाच नदीवर या दोघांनी पराक्रम केला. एक मराठा, दुसरा पठाण. दिवस एक, नदी एक आणि पदकही एकच!

देश स्वतंत्र झाल्यावर आपण आपले स्वतःचे पदक निर्माण केले. ते परमवीर चक्र होय. १९६५ च्या युद्धात पंजाबातील खेमकरणजवळ असल उत्तर येथे हवालदार अब्दुल हमीद यांनी शत्रूचे रणगाडे उडवले आणि १० सप्टेंबर रोजी ते शहीद झाले. २६ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते त्यांच्या पत्नी रसूलन बीबी यांनी परमवीर चक्र स्वीकारले. उत्तर प्रदेशातील धामूपूर हे त्यांचे गाव. तेथे १० सप्टेंबरला शहिदांची आठवण केली जाते. २०१७ साली वृद्ध रसूलन बीबींनी त्या कार्यक्रमासाठी लष्करप्रमुख जनरल बिपीन रावत यांना निमंत्रण दिले, आणि ते धामूपूरला आले. २०१९ साली रसूलन बीबी वारल्या. लक्ष्मीबाई आणि रसूलन बीबी यांची कधी भेट झाली असती, तर एकमेकींचे दुःख सांगायला त्यांना शब्दांची गरज पडली नसती.

दिल्लीत २०१९ साली राष्ट्रीय युद्ध स्मारक उभारले गेले. स्वातंत्र्यानंतर शहीद झालेल्या सैनिकांची नावे तेथे आहेत. यशवंतराव त्यापूर्वीच गेले होते. त्यामुळे त्यांची आठवण जपण्याचे काम त्यांच्या घराने आणि गावाने केले. माणगावात तहसील कचेरीजवळ त्यांचा पुतळा आहे. त्यांच्या स्मरणार्थ गावकरी आणि माजी सैनिक तेथे जमतात आणि पुतळ्याला हार घालतात.

आणि आनंदाची गोष्ट अशी, की इटलीलाही ते आठवले. टायबरच्या खोऱ्यात मोंटोने नावाचे गाव आहे. तेथे जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या नावाचे स्मारक उभारले गेले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. सूर्य सरकतो तशी त्यावरची सावली सरकते. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्या स्मारकाचा संदेश आहे. ज्या मातीत त्यांचे रक्त सांडले, त्या मातीतील लोकांनी ७९ वर्षांनी त्यांना सलाम केला.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एक काम सांगतो. महाराष्ट्रातील अनेक गावांत चावडीजवळ किंवा वेशीजवळ जुना दगड दिसतो. या गावातून इतकी माणसे महायुद्धावर गेली आणि इतकी परत आली नाहीत, असे त्यावर लिहिलेले असते. आपल्या परिसरात असा दगड आहे का, हे शोधा. आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात कोणी फौजेत होते का, हे घरातील मोठ्या माणसांना विचारा. जुना फोटो असेल तर पाहा. नाव आणि साल वहीत लिहून ठेवा. दगडावरचे अक्षर पावसाने पुसते. घरातल्या लहान मुलाने ऐकलेले नाव मात्र पुढे पन्नास वर्षे टिकते.

पुढच्या ७ डिसेंबरला तुम्ही तो छोटा झेंडा खिशावर लावाल. झेंडावंदनाच्या वेळी एखादी वीरपत्नी हळूहळू पुढे येईल. तेव्हा टाळ्या तर वाजवाच, पण उभे राहून वाजवा.