संग्रहणीने भाऊ नेले, त्याने लाल गोळीतलं औषध शोधलं: डॉ. सुब्बाराव यांची गोष्ट

गावात बाई गरोदर राहिली की आशाताई लाल गोळ्यांची पाकिटं देऊन जाते. गोळीत लोह असतं हे बहुतेकींना माहीत आहे. त्यात आणखी एक औषध असतं, फोलिक ॲसिड, तेही ५०० मायक्रोग्रॅम. हे औषध कारखान्यात तयार करता येईल इतपत ज्यांच्या पथकाने आणलं, ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्याच देशातले.

जन्म १२ जानेवारी १८९५, आंध्रातल्या भीमावरमचा. घरची गरिबी. लहानपणी अभ्यासाला कंटाळून पोरगा काशीला निघाला होता, यात्रेकरूंना केळी विकून पैसे कमवायला. आईने वाटेतून परत आणला. मॅट्रिकला दोनदा नापास, तिसऱ्या खेपेला पास. पुढे संन्यास घ्यायचं मनात आलं, पण आईने परवानगी दिली नाही. मग मद्रासच्या मेडिकल कॉलेजात गेला.

त्याच काळात घरावर घाला आला. दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने संग्रहणीने गेले. या आजारात जुलाब थांबत नाहीत, खाल्लेलं अंगी लागत नाही आणि रक्त कमी होत जातं. सुब्बारावांनाही तो जडला. ते एका आयुर्वेदिक वैद्याच्या औषधाने वाचले, पण भाऊ गेले ते गेलेच.

कॉलेजात गांधीजींच्या हाकेवर ते खादी घालून जायचे. इंग्रज प्राध्यापकाला ते खुपलं. परिणाम असा की पूर्ण एमबीबीएस मिळालं नाही, खालच्या दर्जाच्या एलएमएस पदवीवर समाधान मानावं लागलं. सासऱ्यांनी पैशाची मदत केली आणि ते अमेरिकेत बोस्टनला पोचले. बायको शेषगिरी मागे राहिली. त्यांचा मुलगा तान्हा असतानाच दगावला.

बोस्टनला पोट भरायला हा शिकलेला डॉक्टर रात्री दवाखान्यात हमाली करायचा, रोग्यांची लघवीची भांडी रिकामी करायचा. दिवसा हार्वर्डमध्ये शिक्षण. तिथे सायरस फिस्के यांच्यासोबत त्यांनी रक्त-लघवीतला फॉस्फरस मोजायची पद्धत काढली. १९२९ साली शरीराला ताकद पुरवणारं एटीपी ओळखणाऱ्यांतही हे दोघे होते. एवढं करूनही हार्वर्डने त्यांना कायम केलं नाही. १९४० साली ते न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर इथे लेडर्ले या औषध कंपनीत गेले.

इथे मुंबईचा धागा येतो. १९२८ पासून डॉ. लुसी विल्स ही इंग्रज बाई मुंबईत गिरणी कामगार बायकांचा अभ्यास करत होती. गरोदरपणात या बायकांचं रक्त फार कमी व्हायचं. यीस्टचा अर्क खायला दिला की त्या सुधारायच्या. म्हणजे अर्कात काहीतरी होतं, पण काय ते कळत नव्हतं. तेच द्रव्य यकृतात आणि हिरव्या पाल्यातही सापडत होतं, फक्त अगदी कणभर. सुब्बारावांच्या पथकाने त्याची घडण उलगडली आणि १९४५ साली ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. तेच फोलिक ॲसिड. लगेच ते संग्रहणीच्या रोग्यांना देऊन पाहिलं, आणि त्यांचं रक्त भरू लागलं. भाऊ जाऊन पंचवीसेक वर्षं झाली होती.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. बी-१२ कमी असेल तर नुसत्या फोलिकने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण आतून नसांची झीज चालूच राहते. म्हणून हातपायाला मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

फोलिकच्याच घडणीत थोडा फेरफार करून त्यांच्या पथकाने उलटं काम करणारं औषध बनवलं. ते बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या लेकरांना दिलं. काही काळापुरता का होईना, आजार मागे हटला. तोवर असं कधी झालं नव्हतं. त्याच जातीचं मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे.

आणि हत्तीरोगाची गोळी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागात आरोग्य कर्मचारी समोर उभं राहून जी डीईसी गोळी गिळायला लावतात, तीही याच प्रयोगशाळेतून १९४७ साली आली. हत्तीरोगाच्या जंतांमुळे काहींना रात्री खोकला-दम लागतो, रक्तात इओसिनोफिल पेशी वाढतात. त्यावरही हेच औषध चालतं. न्यूमोनियासारख्या आजारांवरचं ऑरिओमायसिन, म्हणजे टेट्रासायक्लीन कुळातलं पहिलं औषध, १९४८ साली जाहीर झालं, तेव्हा संशोधनाची सूत्रं सुब्बारावांकडेच होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला झोपेतच त्यांचा मृत्यू झाला. वय ५३. अमेरिकेचं नागरिकत्व त्यांनी घेतलं नव्हतं. भारतात परत येणंही झालं नाही. टपाल खात्याने १९९५ साली त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. शेषगिरीची आणि त्यांची भेट बोस्टनला निघाले तेव्हाची, ती शेवटचीच.