स्मृतिदिन विशेष : आइन्स्टाईन यांनी किंमत न दिलेलं गणित

१८ एप्रिल हा अल्बर्ट आइन्स्टाईन यांचा स्मृतिदिन. जन्म १४ मार्च १८७९, जर्मनीतल्या उल्मचा. शिक्षण झालं पण कॉलेजात नोकरी मिळेना, म्हणून स्वित्झर्लंडला पेटंट कचेरीत लागले. तिथं असतानाच १९०५ साली सापेक्षतेचा सिद्धांत मांडला. १९१५ मध्ये त्याच्या पुढची पायरी गाठली. जड वस्तूजवळून जाताना प्रकाश किती वाकतो, हे त्यांनी सांगितलं आणि १९१९ च्या ग्रहणात ते खरं ठरलं. ते ज्यू होते. हिटलर आल्यावर १९३३ मध्ये देश सोडून अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले.

एवढं बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मांडलची गोष्ट मात्र कमी लोकांनी ऐकली असेल.

एप्रिल १९३६ मध्ये रुडी मांडल नावाचा चेक इंजिनिअर त्यांच्याकडे आला. ना पद, ना ओळख. म्हणणं एवढंच, की एका ताऱ्याच्या बरोबर मागे दुसरा आला तर पुढचा भिंगासारखा वागेल आणि मागचा जास्त उजळ दिसेल. आइन्स्टाईन यांनी ऐकून घेतलं. गंमत म्हणजे हेच गणित त्यांनी १९१२ च्या सुमारास स्वतःच्या वहीत केलेलं होतं, पण विसरले असावेत. मांडलने तगादा लावला, तेव्हा कुठे डिसेंबरात ‘सायन्स’मध्ये छोटासा लेख आला. असं काही प्रत्यक्ष दिसेल याची आशा नाही, असंच त्यात लिहिलं होतं. संपादकालाही कळवलं, की याला फार किंमत नाही, पण त्या बिचाऱ्याचं समाधान होईल.

१९५५ मध्ये आइन्स्टाईन गेले. क्वेसार त्यानंतर ओळखले गेले. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या मधोमध असलेलं प्रचंड कृष्णविवर आणि त्याभोवती फिरणारी तापलेल्या वायूची चकती. इतकं लांब, की मोठ्या दुर्बिणीतूनही नुसता ठिपका. १९८५ मध्ये एक क्वेसार सापडला, पुढे त्याचे चार ठिपके दिसले, कारण मध्ये असलेली दीर्घिका भिंग झाली होती. १९८९ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की चारातला एकच ठिपका उजळलाय. क्वेसारच उजळला असता तर चारही उजळले असते. म्हणजे त्या दीर्घिकेतला एखादा तारा त्या एका वाटेत आला होता.

भिंगाखाली लहान जागेचा प्रकाश जास्त वाढतो, पसरट जागेचा कमी. चकतीचा आतला तापलेला भाग निळा, बाहेरचा लालसर. कोणता रंग किती वाढला यावरून चकतीचं माप निघतं. दुर्बिणीला जे दिसत नाही, ते असं मोजता येतं.

त्या चार ठिपक्यांना आज ‘आइन्स्टाईन क्रॉस’ म्हणतात. मांडलचं नाव त्या छोट्या लेखाच्या पहिल्याच वाक्यात आहे.