अण्णाभाऊ साठे : लेखक आणि त्याचा निवारा

लेखकाचे चरित्र अभ्यासताना आपण त्याचे ग्रंथ, पुरस्कार आणि चळवळी यांची नोंद घेतो. तो कोठे राहत होता, हे सहसा विचारत नाही. अण्णाभाऊ साठे यांच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही.

तुकाराम भाऊराव साठे तथा अण्णाभाऊ यांचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगाव (जि. सांगली) येथे मातंग कुटुंबात झाला. बालपणीच ते वडिलांबरोबर पायी मुंबईला आले. कोळसे वेचणे, हमाली, गिरणीतील मजुरी अशी कामे त्यांनी केली. कम्युनिस्ट चळवळीशी ते जोडले गेले आणि 1944 मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले.

1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी गोठली. तथापि चाळीतील खोली मिळवण्यासाठी पागडी मोजावी लागे. हाती रोख रक्कम नसलेल्याला झोपडपट्टीच परवडे. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊंनी अनेक वर्षे काढली. त्यांच्या साहित्यात हा अनुभव ठायी ठायी आढळतो. ‘मुंबईची लावणी’मध्ये मलबार हिलचे वैभव आणि कामगारवस्तीचे दारिद्र्य समोरासमोर येते. ‘माझी मैना’ ही छक्कड पत्नीला गावी ठेवून मुंबई गाठणाऱ्या माणसाची आहे. ‘चिरागनगरची भुतं’ या कथासंग्रहाच्या तर शीर्षकातच वस्तीचे नाव आहे.

‘फकिरा’ 1959 मध्ये प्रसिद्ध झाली. 1961 मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अण्णाभाऊ रशियाला जाऊन आले. कीर्ती सातासमुद्रापार गेली, पण राहणे झोपडीतच होते. गोरेगावात घर मिळाले ते आयुष्याच्या अखेरीस. 18 जुलै 1969 रोजी ते निवर्तले, तेव्हा त्यांनी वयाची 49 वर्षेही पूर्ण केली नव्हती.

येथे एक सावधगिरी बाळगा. वस्तीने विषय पुरवले, म्हणून दारिद्र्यानेच लेखक घडवला, असे विधान करू नका. त्यांना घडवले ते चळवळीने, वाचनाने आणि अथक श्रमाने. दारिद्र्याने त्यांची उसंत आणि आयुष्य हिरावून घेतले.

स्वाध्याय : अकोला-वाशीम मार्गावरील मेडशीसारख्या गावातून एखादा तरुण कलावंत आज मुंबईला गेला, तर घरभाडे भागवून त्याच्याकडे कलेसाठी काय उरेल? ‘माझी मैना’च्या संदर्भात आपल्या परिसरातील उदाहरणासह उत्तर लिहा.